‘च’ची भाषा, रॅकेट आणि कॅरॅक्टरांची माळ: माझं कुठे चुकतंय?

निळी_शाई:
नमस्कार मंडळी. मी प्रोग्रामर नाही, दिवसभर ताळेबंद जुळवणारी बाई आहे. लेक सहावीत. सुट्टीत दोघींनी मिळून काहीतरी शिकायचं ठरलं, म्हणून रॅकेट घेतलं (खेळायची नव्हे, लिस्प घराण्यातली प्रोग्रामिंगची भाषा). बेरजा झाल्या, चित्रं झाली. मग तिने फर्माईश केली की कॉम्प्युटरला ‘च’ची भाषा शिकव.

विसरलेल्यांसाठी: शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा. ‘मला’चं ‘चलाम’. ‘मी घरी जाते’चं ‘चमी चरीघ चतेजा’. आम्ही मैत्रिणी शाळेत अख्खी मधली सुट्टी यात बोलायचो.

मला वाटलं, एका ओळीचं काम. हे लिहिलं (‘श’ म्हणजे दिलेला शब्द):

(स्ट्रिंग-अपेंड "च" (सबस्ट्रिंग श 1) (स्ट्रिंग-रेफ श 0))

(फोनवरून लिहितेय, दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून नावं देवनागरीत. मशीनवर मूळ स्पेलिंगच आहेत.)

यावर लाल अक्षरांत ओरडा आला: कॉन्ट्रॅक्ट व्हायोलेशन, एक्स्पेक्टेड स्ट्रिंग, गिव्हन #\म. आता ‘म’ ही स्ट्रिंग नाही तर काय आहे? मी दिलेल्या शब्दातूनच तर काढलाय तो!

कंसमामा:
शाईताई, स्वागत. कंसांच्या राज्यात आलात, आता मामाला घाबरायचं नाही.

दोऱ्यात एकच मणी ओवला तरी ती माळ असते, मणी नव्हे. #\म हा मणी, म्हणजे कॅरॅक्टर. "म" ही एका मण्याची माळ, म्हणजे स्ट्रिंग. स्ट्रिंग-रेफ माळेतून मणी काढून हातात देतो. स्ट्रिंग-अपेंड फक्त माळांना माळा जोडतो. त्याला सुटा मणी दिलात, म्हणून तो ओरडला.

मणी ओवायचे मार्ग असे:

(स्ट्रिंग #\म) देतं "म"
(स्ट्रिंग #\क #\म #\ळ) देतं "कमळ"
(लिस्ट->स्ट्रिंग (लिस्ट #\क #\म #\ळ)) देतं "कमळ"

मणी मोजके आणि समोर असतील तर पहिले दोन. किती आहेत ते आधी माहीत नसेल, ते एका यादीत जमत गेले असतील, तर तिसरा. व्यवहारात नव्वद टक्के वेळा तिसराच लागतो. तुमच्या ओळीत शेवटच्या तुकड्याला (स्ट्रिंग (स्ट्रिंग-रेफ श 0)) असं गुंडाळा, ओरडा थांबेल.

ओरडा थांबेल म्हणालो हं, उत्तर बरोबर येईल असं म्हणालो नाही. ‘कुठे’ हा शब्द टाकून बघा.

निळी_शाई:
मामा, धन्यवाद! ‘मला’ चाललं. ‘घर’चं ‘चरघ’ आलं, लेक टाळ्या वाजवत होती. मग तुम्ही सांगितलेलं ‘कुठे’ टाकलं.

आलं ‘चुठेक’.

‘चठेकु’ यायला हवं होतं. उकार ‘क’चा होता, तो ‘च’ला जाऊन कसा चिकटला? आमच्याकडे यावर चहा गार होईपर्यंत चर्चा झाली. लेकीचं म्हणणं, कॉम्प्युटरला बाराखडी येत नाही.

कंसमामा:
लेकीला माझा दंडवत सांगा, नेमकं बोलली.

(स्ट्रिंग->लिस्ट "कुठे") करून बघा. दोन नाही, चार मणी पडतील: क, उकाराची मात्रा, ठ, एकाराची मात्रा. स्क्रीनवर ती सुटी मात्रा कधी तिरक्या रेघेला लटकते, कधी ठिपक्यांच्या गोलावर बसते. तिला बसायला व्यंजन लागतं आणि तिथे ते नसतं. तुम्ही पहिला मणी उचललात तो फक्त ‘क’. उकार जागेवरच राहिला. त्याच्या आधी तुम्ही ‘च’ आणून ठेवलात, तर तो बिचारा मिळेल त्या व्यंजनाला लटकला.

युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारा तक्ता) ‘क’चा क्रमांक 2325, ‘म’चा 2350, पाय मोडण्याच्या चिन्हाचा 2381. ‘क्ष’ हे आपल्याला एक अक्षर, पण मशीनला तीन मणी: क, पाय मोडका, ष. (स्ट्रिंग-लेंग्थ "क्ष") उत्तर देईल 3. ‘ज्ञ’चंही तसंच. म्हणून #\कु असं लिहायला गेलात तर रॅकेट ते घेतच नाही, एका मण्यात दोन मणी मावत नाहीत.

गोडा_मसाला:
मला प्रोग्रामिंगचं ओ की ठो कळत नाही पण ‘च’ची भाषा वाचून आत आले. आमच्या वाड्यात एक नियम होता: एका अक्षराच्या शब्दाला नुसता ‘च’ लावायचा. ‘तू’चं ‘चतू’. आणि ‘चहा’चं ‘चहाच’. हा शब्द आला की परका माणूस हमखास गोंधळायचा, कारण त्याला वाटायचं आपण चहाच मागतोय. आणि मिळायचाही!

जोडाक्षराचं काय करायचो ते आठवत नाही. ‘प्रश्न’ला ‘चश्नप्र’ म्हणणार कोण? जीभ अडकेल. बहुतेक ते शब्द टाळायचो.

लेझी_सीक्वेन्स:
क्लोजर, म्हणजे लिस्प घराण्यातलीच दुसरी भाषा, रोज लिहितो (ऑफिसात, पोटासाठी), तिथली गंमत सांगतो. तिथे मणी आणि माळ यांत इतकं सोवळं नाही. (स्ट्र \च \ल "ाम") असं काहीही एकत्र करा, चालतं. पण नवशिक्या हमखास इथे पडतो:

(स्ट्र (रिव्हर्स "कमळ"))

उलटा शब्द हवा असतो आणि हातात येतं "(\ळ \म \क)", कंसांसकट. कारण रिव्हर्सने दिली ती यादी, आणि स्ट्रला एकच गोष्ट मिळाली, ती यादी. त्याने तिची छापील प्रत दिली. हवं होतं (अप्लाय स्ट्र (रिव्हर्स "कमळ")). अप्लाय यादी फोडून एकेक मणी स्ट्रच्या हातात देतो. रिव्हर्सऐवजी मॅप असेल आणि अप्लाय विसरलात तर आणखी मजा: यादीही दिसत नाही, लेझीसेक आणि त्यापुढे एक अगम्य आकडा दिसतो. माझा आयडी तिथूनच आलाय. नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझ्या कोडने एका ग्राहकाला नावाच्या जागी तेच छापून ईमेल पाठवली होती. ‘प्रिय लेझीसेक’. टीम लीडने ती प्रिंट काढून माझ्या खुर्चीमागे चिकटवली.

विम_सोडलेला:
ईमॅक्सवाले (मजकूर लिहायचं ते सॉफ्टवेअर, त्याची स्वतःची लिस्प आहे) कुठे आहेत म्हणून हाक यायच्या आत येतो.

ईमॅक्स लिस्पमध्ये मणी नावाचा वेगळा प्रकारच नाही, कॅरॅक्टर म्हणजे साधा आकडा. ?क लिहा, उत्तर 2325. (स्ट्रिंग ?क ?म ?ळ) चालतं, (कॉन्कॅट "च" (लिस्ट ?म ?ळ)) सुद्धा चालतं, कारण कॉन्कॅटला माळ काय, यादी काय, सारखीच. पण (कॉन्कॅट "च" ?म) दिलंत तर ‘सीक्वेन्सपी 2350’ अशी तक्रार. पहिल्यांदा मला कळेना हा 2350 आकडा मी दिला कधी. तो ‘म’ होता!

कंसमामा:
हो, आणि कॉमन लिस्पमध्ये (स्ट्रिंग #\क) चालतं पण (स्ट्रिंग #\क #\म) चालत नाही, ते फंक्शन एकच गोष्ट घेतं. तिथे (कोअर्स यादी 'स्ट्रिंग) किंवा (कॉन्कॅटेनेट 'स्ट्रिंग "च" यादी). 'स्ट्रिंग हे सांगावंच लागतं, नाहीतर जोडून काय बनवायचं ते त्याला कळत नाही. स्कीम 1975 चं, कॉमन लिस्पचं प्रमाणीकरण 1994 चं, घराणं एकच पण प्रत्येकाच्या घरी आमटीचा वेगळा मसाला.

ओळंबा:
मी इमारतींचे नकाशे काढतो. ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प असतं, 1986 पासून आहे, आमच्या पिढीतल्या कित्येक ड्राफ्ट्समननी लिस्पचं नावही माहीत नसताना लिस्प लिहिलंय. (सीएचआर 65) म्हटलं की थेट एका अक्षराची स्ट्रिंग मिळते, मणी मध्ये येतच नाही. जोडायला स्ट्रकॅट. आणि मोजणी 1 पासून, तुमच्यासारखी 0 पासून नाही. पहिल्याला पहिलाच म्हणतात आमच्यात.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), आमच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप करावी लागायची, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ‘कि’ म्हणजे आधी क आणि मग वेलांटी. पंधरा वर्षांचे नकाशे बदलून घेताना अर्ध्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या होत्या. एका नकाशात ‘विहीर’ कुठे आहे ते शेवटी चिन्हावरूनच ओळखलं.

निळी_शाई:
सगळ्यांचे आभार. ‘प्रिय लेझीसेक’ वाचून लेक हसून लोळली.

आता माझी समजूत अशी: मण्यांची यादी करायची, पण एकेक मणी न उचलता अक्षराअक्षराच्या पुरचुंड्या बांधायच्या. पुढचा मणी मात्रा असेल तर आधीच्या पुरचुंडीत. आणि आधीचा मणी पाय मोडका असेल तर पुढचं व्यंजनही त्याच पुरचुंडीत. बरोबर?

मात्रा ओळखायला मी सगळ्या मात्रांची यादी हाताने लिहायला घेतली होती. अनुस्वार, विसर्ग, चंद्रबिंदू, ‘ऑ’चा अर्धचंद्र... दर वेळी एक राहतेच.

कंसमामा:
शंभर टक्के बरोबर. आणि यादी लिहू नका. कॅर-जनरल-कॅटेगरी नावाचं फंक्शन आहे. मणी दिला की त्याची जात सांगतं. व्यंजन, स्वर यांची एलओ. काना, वेलांट्या, ओकार यांची एमसी. उकार, एकार, अनुस्वार, पाय मोडका यांची एमएन. म्हणजे एमसी किंवा एमएन आलं की समजायचं, हा एकटा उभा राहू शकत नाही. तुम्ही लिहा, मी तपासतो.

एक सूचना आत्ताच देतो. पुरचुंडी बांधताना दर मण्याला स्ट्रिंग-अपेंड करू नका. प्रत्येक अपेंड नवी माळ करतं आणि जुनी पूर्ण उतरवून घेतं. दहा हजार मणी असे एकेक करून जोडलेत तर 1 + 2 + 3 करत सुमारे 5 कोटी मणी उतरवले जातात. रॅकेटमध्ये मणी 4 बाइटचा, म्हणजे 20 कोटी बाइटची हमाली. शब्दापुरतं जाणवणार नाही, अख्खा मजकूर घेतलात की पंखा फिरायला लागेल. त्यापेक्षा यादीच्या डोक्यावर कॉन्स करत चला, म्हणजे नवा मणी सुरुवातीला लावत चला, ते जवळपास फुकट आहे. यादी उलटी जमते, म्हणून शेवटी एकदा रिव्हर्स आणि एकदा लिस्ट->स्ट्रिंग. वाटीतला भात ताटात उलटा करून मूद पाडण्यासारखं.

सुटे_पैसे:
मामांशी बाडिस (म्हणजे सहमत), फक्त एक भर. यादी नको असेल तर ओपन-आउटपुट-स्ट्रिंग, मग राईट-कॅर, मग गेट-आउटपुट-स्ट्रिंग. फाईलमध्ये लिहितो तसं स्ट्रिंगमध्ये लिहायचं, उलटसुलट काही नाही. मला हेच वाचायला सोपं वाटतं.

निळी_शाई:
रात्री अकरा वाजता लिहून झालं. मामा, लाल शाईने तपासा. (कार म्हणजे यादीतलं पहिलं, कुडर म्हणजे उरलेली यादी.)

(डिफाईन पायमोडका (इंटीजर->कॅर 2381))

(डिफाईन (चिकटतं? हे मागचं)
  (ऑर (मेमक्यू (कॅर-जनरल-कॅटेगरी हे) '(एमएन एमसी))
      (इक्वल? मागचं पायमोडका)))

(डिफाईन (अक्षरं श)
  (लेट लूप ([बाकी (स्ट्रिंग->लिस्ट श)] [चालू '()] [झालेली '()])
    (कॉंड
      [(नल? बाकी)
       (रिव्हर्स (कॉन्स (लिस्ट->स्ट्रिंग (रिव्हर्स चालू)) झालेली))]
      [(ऑर (नल? चालू) (चिकटतं? (कार बाकी) (कार चालू)))
       (लूप (कुडर बाकी) (कॉन्स (कार बाकी) चालू) झालेली)]
      [एल्स
       (लूप (कुडर बाकी)
            (लिस्ट (कार बाकी))
            (कॉन्स (लिस्ट->स्ट्रिंग (रिव्हर्स चालू)) झालेली))])))

(डिफाईन (च-भाषा श)
  (लेट ([अ (अक्षरं श)])
    (अप्लाय स्ट्रिंग-अपेंड "च" (अपेंड (कुडर अ) (लिस्ट (कार अ))))))

‘कुठे’ चठेकु. ‘संध्याकाळ’ चध्याकाळसं. ‘क्षमा’ चमाक्ष. ‘प्रश्न’ चश्नप्र (गोडा मसाला ताई, कॉम्प्युटरची जीभ अडकली नाही).

‘अक्षरं’, ‘पायमोडका’, ‘चिकटतं?’ ही नावं मशीनवरही खरोखर मराठीतच ठेवली आहेत. चालतात! कोणी सांगितलं नव्हतं.

कंसमामा:
लाल शाई उघडलीच नाही. ‘चालू’ उलटी आहे म्हणून (कार चालू) म्हणजे आपसूक मागचा मणी, हे तुम्हाला सुचलं त्यासाठी वेगळे गुण.

लेझी_सीक्वेन्स:
वाखू (वाचनखूण) साठवली.

पण मला एक खाजवलं. मी हे मोडीतल्या शब्दावर चालवलं. मोडी युनिकोडमध्ये 2014 साली आली, पण पहिल्या 65,536 च्या बाहेरच्या जागेत. मोडीतल्या ‘क’चा क्रमांक 71182. रॅकेटमध्ये तो एकच मणी, तुमचा कोड बिनतक्रार चालला. क्लोजर जावा नावाच्या भाषेच्या यंत्रणेवर बसलंय आणि जावाचा मणी 16 बिटांचा, त्यात पहिले 65,536 क्रमांकच मावतात, म्हणून तिथे मोडीतला एकटा ‘क’ मोजला तर 2 येतो. (अप्लाय स्ट्र (रिव्हर्स ...)) ने ते दोन अर्धे एकमेकांच्या पुढे-मागे होतात आणि पडद्यावर चौकोन. क्लोजरच्या स्ट्रिंग लायब्ररीतला रिव्हर्स मात्र हे अर्धे फुटू देत नाही. मात्रांची दाणादाण दोन्हीकडे होतेच.

विम_सोडलेला:
अवांतर: हे सगळं हाताने का करायचं? रॅकेटमध्ये स्ट्रिंग-ग्राफीम-स्पॅन आहे की. ग्राफीम म्हणजे वाचणाऱ्याला एक वाटतं ते.

कंसमामा:
वाचणारा कोण, त्यावर आहे. मात्रा ते नीट चिकटवतं. पण युनिकोडच्या नियमात ‘क्ष’ची बरीच वर्षं दोन ग्राफीम व्हायची, पाय मोडलेला क वेगळा आणि ष वेगळा. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला. म्हणजे तुमच्या मशीनवरचं रॅकेट कोणत्या आवृत्तीचा तक्ता घेऊन बसलंय त्यावर ‘क्षमा’चं उत्तर बदलेल. सहावीतल्या मुलीला हे कोण समजावणार? ताईंचा छोटासा नियम जास्त भरवशाचा.

ओळंबा:
माझ्या फोनवरून ‘ऱ्हास’ पाठवतो, तो टाकून बघा. कीबोर्ड जुना आहे.

निळी_शाई:
ओळंबाकाका, तुम्ही मुद्दाम केलंत ना हे?

मी टाईप केलेल्या ‘ऱ्हास’चं ‘चसऱ्हा’ येतं. तुम्ही पाठवलेला कॉपी करून टाकला तर ‘र’चा तुकडा तुटून शब्दाच्या शेवटी एकटाच जातो. दिसायला दोन्ही शब्द हुबेहूब. स्ट्रिंग-लेंग्थ विचारली: माझा 5, तुमचा 6. एक मणी जास्तीचा, आणि तो दिसत नाही!

ओळंबा:
मुद्दामच. नकाशातल्या ‘दुसऱ्या मजल्या’ने मला दोन दिवस रडवलंय. शोधा म्हटलं की सापडायचा नाही, समोर दिसतोय तरी.

कंसमामा:
ओळंबासाहेब, नाव सार्थ केलंत.

ताई, आपल्या ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’मधला तो अर्धचंद्रासारखा र दोन प्रकारांनी लिहिला जातो. एक, त्याच्यासाठीचा खास ‘ऱ’ (2353) आणि पाय मोडका. दोन, साधा ‘र’, पाय मोडका, आणि मग 8205 क्रमांकाचा एक अदृश्य मणी, झिरो विड्थ जॉइनर. दुसऱ्या प्रकारात ‘ह’च्या मागे पाय मोडका नाही, तो अदृश्य मणी आहे. म्हणून तुमच्या नियमाने ‘ह’ला नवं अक्षर समजलं. नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणणं) करूनही हे दोन एक होत नाहीत, मी त्यातला एनएफसी हा प्रकार करून पाहिलंय.

(डिफाईन जोडणी (इंटीजर->कॅर 8205)) अशी एक ओळ घाला आणि चिकटतं? मध्ये मागचा मणी पायमोडका किंवा जोडणी, दोन्ही बघा.

निळी_शाई:
घातलं. (मेंबर मागचं (लिस्ट पायमोडका जोडणी)) केलं. दोन्ही ऱ्हास आता सारखेच होतात.

लेकीने आज वहीत पाच चाचण्या लिहून आणल्या. चार पास. पाचवी ‘का?’. उत्तर आलं ‘च?का’. मी म्हटलं, सोपं आहे, अक्षर नसलेले मणी गाळून टाकू. कॅर-अल्फाबेटिक? असं फंक्शन सापडलं, फिल्टर लावला. ‘का?’ सुधारलं, ‘चका’ आलं. आणि ‘प्रश्न’चं झालं ‘चरशनप’.

फिल्टरनंतरची स्ट्रिंग छापून पाहिली तर ‘परशन’. लेक म्हणते आता तो गावाकडून आला.

कंसमामा:
पाय मोडका अल्फाबेटिकमध्ये धरत नाहीत, आणि तुमची नवीन ‘जोडणी’ही नाही. दोन्ही गाळल्या गेल्या असणार. मात्रा धरतात, म्हणून ‘का’ वाचला.

गाळू नका. ज्यांची कॅटेगरी पीओ येते (प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम, दंड) ते मणी शब्दाच्या शेवटून आधी काढून हातात ठेवा, भाषांतर करा, मग परत ओवा. आणि अवतरणचिन्हं शब्दाच्या दोन्ही बाजूंना येतात, त्यांतल्या वळणदारांची (‘ ’) कॅटेगरी वेगळी असते. तिथे पोचलात की नवा धागा काढा, हा फार लांबला.